चौपन्न की अठ्ठावन्न

सूतगिरणी बंद पडली तेव्हा इंदूबाई खिरटकर शेहेचाळीस वर्षांची होती. एकोणीस वर्षं तिनं गिरणीच्या रिलिंग खात्यात काढली होती. तुटलेलं सूत दोन बोटांत धरायचं, गाठ मारायची आणि लगेच पुढच्या तुटीकडे वळायचं. मारेगावपासून चार कोसांवर तिचं गाव. गावातून तेव्हा सात बाया कामाला जात. गिरणी गेली तशा त्या आपापल्या शेताला लागल्या. इंदूबाईच्या घरी सहा एकर होतं, नवरा विठ्ठलराव ते नेटानं करत होते, मुलगा कपिल हाताशी आला होता. तीही कपाशीच्या ओळीत उभी राहिली. गिरणीचा म्हणून एकच कागद घरात उरला. हिशेब चुकता झाला त्या दिवशी गिरणीतले कारकून नीळकंठबाबू यांनी प्रत्येक बाईला बजावलं होतं, की पीएफचे पैसे मिळाले तरी पेन्शनचा हा कागद फाडायचा नाही, भिजवायचा नाही, अठ्ठावन्नाव्या वर्षी कामी येईल. इंदूबाईनं तो प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून पेटीच्या तळाशी ठेवला आणि विसरून गेली.

आठ वर्षांनी, उन्हाळ्यातल्या एका लग्नात बेबीताई भेटली. गिरणीत दोघींची यंत्रं शेजारी होती. पंगतीतून उठता उठता बेबीताईनं सहज विचारलं, "तुही पेन्शन चालू झाली काय वो?"

"मले कुठं अठ्ठावन्न झाले?"

"अठ्ठावन्न कायले लागते? पन्नास झाले का घेता येते. जराशी कमी भेटते, पन भेटते. मी तं कवाचीच चालू केली."

इंदूबाईला चौपन्न पूर्ण होऊन महिना झाला होता. पुढच्याच आठवड्यात पेटीतला कागद काढून ती यवतमाळला गेली.

नीळकंठबाबू आता घरीच बसत. त्यांच्या घरात तीन पिढ्या कचेऱ्यांतून लिहिण्याचंच काम झालेलं. गिरणी सुटली तरी लोक कागद घेऊन येत राहिले, आणि बाबू पुढच्या खोलीतल्या टेबलावर त्यांचे फॉर्म भरून देत राहिले. त्यांनी इंदूबाईचा कागद उजेडात धरून वाचला, एका चिठ्ठीवर तीन आकडे मांडले आणि चिठ्ठी तिच्याकडे फिरवली.

"हे बघा इंदूबाई. अठ्ठावन्नला घेतली तर महिन्याला बावीसशे ऐंशी. आता घेतली तर वर्षाला चार टक्के कापतात, म्हणजे एकोणीसशेच्या आसपास. आणि ही कपात कायमची. पुढे अठ्ठावन्न झाले म्हणून कोणी वाढवून देत नाही. साठपर्यंत थांबलात तर उलट वर्षाला चार टक्के वर मिळतात."

"मंग मी काय करू?"

"ते तुम्ही ठरवायचं."

"तुमची बहीन असती तं काय सांगतलं असतं?"

बाबूंनी पेनाला टोपण लावलं. "आता घेतली तर अठ्ठावन्नपर्यंत नव्वद हजारांच्या वर हातात येतात. थांबलात तर ते गेले, पण नंतर दर महिन्याला साडेतीनशे जास्त येतात. त्या साडेतीनशेचे नव्वद हजार व्हायला वीस-बावीस वर्षं लागतात. म्हणजे ऐंशीच्या पुढे गेलात तर थांबलेलं परवडलं. अलीकडे आटोपलं, तर आताच घेतलेलं बरं."

"म्हनजे मी कवा मरनार हे ठरवायचं."

"मी असं नाही म्हटलं," बाबू घाईनं म्हणाले. त्यांच्या पत्नी सुनीतीबाई चहा घेऊन आल्या होत्या, त्या कप ठेवून तिथंच थांबल्या.

"नाही, बराबर हाय तुमचं," इंदूबाई म्हणाली. "माह्या मायले नव्वद झाले. अजून आपलं लुगडं आपन धुते."

"मग थांबा," सुनीतीबाई म्हणाल्या. पण त्या परक्या. त्यांचं बोलणं इंदूबाईनं चहाबरोबर घेतलं आणि तिथंच सोडलं.

संध्याकाळी जेवताना तिनं घरात विषय काढला. बाबूंची चिठ्ठी कपिलकडे दिली. कपिलनं मोबाइलवर आकडेमोड केली, बाबूंचंच उत्तर आलं. "आताच घे आई," तो म्हणाला. "ऐंशी कोनं पाह्यलं?"

सून अर्पिता भाकरी वाढत होती. "हो आई, आताच घ्या. हातात आलं ते आपलं."

विठ्ठलरावांनी तर पूर्ण ऐकूनही घेतलं नाही. त्यांचा स्वभावच तसा. गावात पहिली पेरणी त्यांची, पहिला कापूस बाजारात त्यांचा. "आज देते तं आज घ्यावं," ते म्हणाले. "उद्या सरकार काय म्हनन, कोनाले माहीत?" लेक प्रेरणा यवतमाळला दिलेली. ती फोनवर म्हणाली, "आई, घेऊन टाक. पुढं पैशाले किंमत राहत नाही."

चौघांचंही बोलणं शहाणपणाचं होतं. इंदूबाईला त्यात एकही खोट काढता आली नाही. तरी तिनं आणखी विचारलं. झरी जामणीकडे दिलेली धाकटी नणंद पाहुणी आली होती, तिला विचारलं. शेजारच्या किसनसिंगच्या बायकोला विचारलं. जो तो कापसाचा भाव सांगावा इतक्या सहज सांगे, आताच घे. हळूहळू तिच्या ध्यानात आलं की आपण सल्ला विचारतच नाही आहोत. कोणीतरी एकानं, "ऐंशी? तू तं आरामात ओलांडशील," असं म्हणावं, एवढंच ऐकायला आपण दारोदार फिरतो आहोत. ते कोणी म्हणालं नाही. मायच्या नव्वदीचा उल्लेख तिनं तीनदा केला, तीनदा लोकांनी मान डोलावली आणि पुन्हा चौपन्नावरच आले.

हे तिला लागलं. ती रडली नाही, कोणाशी अबोला धरला नाही. फक्त आठ दिवसांनी कपिल म्हणाला, "चल, तुह्या पेन्शनचं करून टाकू," तेव्हा ती म्हणाली, "नाही. अठ्ठावन्नले घेईन."

"काहून?"

"काहून म्हनजे? जगनार हाय मी."

कपिलला हसू आलं. पण माय हसत नाही असं पाहून त्यानं ते गिळलं.

थांबायचं ठरवलं तर निदान थांबण्यासारखं जगावं, असा तिनं सरळ विचार केला आणि खर्रा सोडला. सुपारी, तंबाखू, चुना घोटलेली ती पुडी गिरणीत तिच्या तोंडी लागली होती. दुपारच्या पाळीत डोळे मिटत, सूत तुटलेलं दिसत नसे. शेजारणीनं एक चिमूट दिली, तेव्हापासून दिवसाला दोन पुड्या. "टिकन दोन दिवस," विठ्ठलराव म्हणाले. दोन दिवसांचे दोन महिने झाले. पहिले पंधरा दिवस तिनं घरात सगळ्यांना फाडून खाल्लं, कोंबड्यांवरसुद्धा ओरडली. कमरेच्या पिशवीत ती भाजलेली जवस ठेवी, हात आपोआप तिकडे गेला की एक चिमूट तोंडात टाके. पोळ्यापर्यंत तिची तिलाच खात्री पटली, की सुटला.

खर्रा सुटला, तोंडाची आग मात्र सुटली नाही. आधी ती म्हणे, खर्‍यानं होते. आता खर्रा नव्हता. तिखट लागलं की डाव्या गालात निखारा ठेवल्यासारखं होई. तोंडही पुरतं उघडेना, भाकरीचा घास नखाएवढा करावा लागे. कापूस वेचणीच्या दिवसांत अर्पितानं हे पाहिलं. सासू ठेचा ताटात घेत नाही, भाकरी वरणात कालवून लापशीसारखी खाते. एका दुपारी तिनं सासूला ओसरीत बसवलं आणि मोबाइलचा उजेड तोंडात पाडला. गालाच्या आतून रुपयाएवढा पांढरा डाग होता. अर्पितानं मोबाइलचा उजेड विझवला. "उद्या प्रेरणाताईकडे जाऊ," एवढंच म्हणाली.

यवतमाळच्या दातांच्या डॉक्टरांनी डागाचा एक बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला. पंधरा दिवस लागतील म्हणाले. "खर्रा कधी सोडला?" त्यांनी विचारलं. इंदूबाईनं सांगितलं. "चांगलं केलं," ते म्हणाले. बरोबर आलेल्या कपिलनं दोनदा विचारलं, "कॅन्सर तं नाही ना?" दोन्ही वेळा एकच उत्तर आलं. रिपोर्ट येऊ द्या.

घर एकदम मऊ झालं. विठ्ठलराव, जे बाहेरूनच हाक मारत घरात शिरायचे, ते चपला हातात घेऊन येऊ लागले. अर्पिता तिच्यासाठी वेगळं, बिनतिखटाचं करू लागली. कपिल कापसाच्या गाड्या भरून आला की पहिल्यांदा स्वयंपाकघरात डोकावे आणि उगाच पाणी मागे. इंदूबाई सगळं पाहत होती. तिला स्वतःला भीती वाटत नव्हती असं नाही. पण दिवसभर वेचणी असे, भीतीला वेळ मिळे तो जेवणाच्या वेळेपुरता.

चौथ्या दिवशी अशाच एका जेवणाच्या वेळी ती म्हणाली, "म्हनते, ते पेन्शनचं आता करूनच टाकावं."

सगळ्यांचे हात थांबले.

"आता कायले?" कपिल म्हणाला. "अठ्ठावन्नले घेऊ ना. पुरी भेटन."

"साठला घेतली तर अजून जास्त मिळते आई," अर्पिता म्हणाली. "बाबूंच्या चिठ्ठीत लिहिलं होतं."

विठ्ठलरावांनी ताटातल्या वरणाकडे पाहत म्हटलं, "घाई कायले? लय टाइम हाय."

प्रेरणाचा फोन आला, तिलाही तिनं मुद्दाम विचारलं. "थांब आई," प्रेरणा म्हणाली. "आजीले पाय ना. नव्वद झाले आजीले."

इंदूबाईनं हात धुतला. उन्हाळ्यात याच चौघांनी ऐंशी कोणी पाहिलं म्हटलं होतं. आकडे तेच होते, चिठ्ठी तीच होती, आणि खरं पाहिलं तर आता घ्यायला उन्हाळ्यापेक्षा दुप्पट कारण होतं. हे कपिलला कळत नव्हतं थोडंच? त्याच्याइतका हिशेबी पोरगा गावात नव्हता. पण आता घे म्हणणं म्हणजे काय म्हणणं, ते त्यांना ठाऊक झालं होतं, आणि ते म्हणायला कोणाची जीभ उचलत नव्हती. उन्हाळ्यात ती सहज उचलली, कारण तेव्हा माय मरू शकते हे त्यांच्या मनाच्या जवळपासही नव्हतं. सहा महिने जी गोष्ट तिला टोचत होती, ती तिथल्या तिथं निघून गेली. तिच्या जागी नुसता थकवा आला. चौघं आता खोटं बोलत राहणार, आणि त्यांचं खोटं आपण ऐकत बसणार, पंधरा दिवस. तिनं मनाशी पक्कं केलं.

सकाळी शेतात ती विठ्ठलरावांना म्हणाली, "अजी, मी फारम भरते."

"रिपोर्ट तं येऊ दे."

"रिपोर्टच्या आधी भरते. वाईट आल्यावर भरला तं भेवून भरला असं होईन. आता भरला तं माह्या मनानं भरला." ती थोडी थांबली. "जोडीचा फोटो लागते. तुम्हाले या लागन."

विठ्ठलराव कापसाचं बोंड हातात धरून उभे राहिले. मग त्यांनी ते बोंड नीट वेचलं, कमरेला बांधलेल्या ओट्यात टाकलं आणि पुढच्या झाडाकडे गेले. दोन दिवसांनी मात्र सकाळीच दाढी करून, पांढरा सदरा घालून ते अंगणात बसलेले दिसले.

मारेगावात बसस्टँडजवळ रजत नावाच्या पोरसवदा फोटोग्राफरचं दुकान होतं. लग्नाला तेहतीस वर्षं झाली, पण दोघांचाच असा फोटो त्यांनी कधी काढला नव्हता. असले ते घोळक्यातले, कोणाच्या तरी लग्नातले. रजतनं त्यांना बाकावर बसवलं. "काका, जरा जवळ. अजून. काकू, मान सरळ." मध्ये वीतभर जागा होती, ती विठ्ठलरावांनी सरकून भरली.

"काका, थोडं हसा की."

"पेन्शनले हासू लागत नाही," इंदूबाई म्हणाली. रजतच हसला. पहिल्या फोटोत विठ्ठलरावांचे डोळे मिटलेले आले. दुसऱ्यातही मिटलेले. रजत तिसऱ्यासाठी दिवे सारखे करत होता तेव्हा ते समोर पाहतच हळू आवाजात म्हणाले, "हा दोघाचा फोटो कायले पायजे, मले माहीत हाय. बेबीताईनं सांगतलं. तुह्या मागं अर्धी मले भेटते."

"हो."

"मले नोको ते पैसे."

"तुम्हाले कोन विचारून राह्यलं?" ती म्हणाली. "डोये उघडे ठेवा. रजतचे पैसे वाया चालले."

तिसरा फोटो बरा आला.

त्याच दिवशी दोघं यवतमाळला गेले. गिरणी बंद, म्हणून मालकाच्या जागी बँकेच्या मॅनेजरची सही लागत होती. ती पुढं दोन दिवसांनी मिळाली. बाकी सगळं नीळकंठबाबूंनी भरून दिलं. एका रकान्याशी ते थांबले. "नक्की ना? ही कपात कायमची आहे, मी तेव्हाही सांगितलं होतं."

"माहीत हाय. लिहा."

बाबूंनी दोघांकडे पाहिलं, विठ्ठलरावांचा चेहरा पाहून पुढचा प्रश्न विचारला नाही, आणि लिहिलं. सुनीतीबाईंनी या खेपेला चहाबरोबर बिस्किटं आणली. इंदूबाईनं एक घेतलं, चहात बुडवून मऊ केलं आणि सावकाश खाल्लं.

अकराव्या दिवशी रिपोर्ट आला. कॅन्सर नव्हता. डाग मात्र साधा नव्हता. गोळ्या, दर तीन महिन्यांनी दाखवायला यायचं, आणि खर्रा पुन्हा तोंडात घातला तर मग मी जबाबदार नाही, असं डॉक्टर म्हणाले. तोंड उघडायचा व्यायाम शिकवला. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या दातांत धरायच्या, दर आठवड्याला एक वाढवायची. कपिल दवाखान्याच्या पायरीवर बसला आणि बराच वेळ उठला नाही. प्रेरणा रडली, तिच्यामागून अर्पिता रडली. विठ्ठलराव रस्त्यापलीकडे जाऊन एकटेच उभे राहिले, आणि परत आले ते पिशवीभर संत्री घेऊन. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी भाव न विचारता काही घेतलं होतं.

परतीच्या बसमध्ये कपिल पुन्हा पहिल्यासारखा हिशेबी झाला. "आई, आता तो फारम वापस घेऊ. बाबूले फोन करून पाह्यला मी. ऑर्डर निघाली नसन तं अर्ज करून पाहता येते म्हने. अठ्ठावन्नले पुरी घे. तू तं ऐंशी आरामात..."

"राहू दे."

"काहून पन? दर महिन्याले साडेतीनशे कमी, जलमभर."

"हे पाय कपिल," ती म्हणाली. "उन्हाळ्यात तुमी घे म्हनाले, मी थांबली. आता तुमी सारे थांब थांब म्हनाले, म्हनून मी भरला. आज रिपोर्ट चांगला आला तं वापस घे म्हनता. उद्या मले सर्दी झाली का पुन्हा बदलसान. मी काय तुमच्या तोंडाकडं पाहून जगू काय?"

पुढच्या सीटवर बसलेले विठ्ठलराव हसायला लागले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, आणि इतक्या मोठ्यानं की कंडक्टरनं वळून पाहिलं. "भरला तं भरला," ते म्हणाले. "आज देते तं आज घ्यावं."

पेन्शनची ऑर्डर मार्चमध्ये आली. पहिली रक्कम जमा झाली त्या दिवशी खळ्यात हरभरा चालला होता. बँकेत नंबर कपिलचा दिलेला, त्यामुळे मेसेज त्याच्या मोबाइलवर आला. तो खळ्याच्या त्या टोकावरून ओरडला, "आई, आले तुहे एकोनीसशे!" मळणीवरच्या चार माणसांनी मान वर केली. त्यांतल्या उत्तमसिंगनं तर पेढे मागितले. संध्याकाळी कपिलनं तिला न विचारताच सांगितलं, की यातून फवारणीच्या पंपाची बॅटरी बदलून घेऊ, थोडेच पैसे वर लागतील. बॅटरी खरंच गेली होती. इंदूबाईनं ती घेऊ दिली.

त्यानंतरच्या मंगळवारी ती एकटीच मारेगावला गेली. बटणांचा एक साधा फोन घेतला, आपल्या नावाचं सिम घेतलं, आणि बँकेत रांगेत उभी राहून खात्याला तो नंबर लावून घेतला. कारकुनानं विचारलं, "आधीचा नंबर बंद झाला काय?" ती म्हणाली, "नाही, तो दुसऱ्याचा होता." सातवीपर्यंत शिकलेली होती, मेसेज अक्षर लावून लावून वाचता येत होता. पुढच्या महिन्यात पहिला मेसेज आला तेव्हा ती ओसरीत चिंचा फोडत बसली होती. तिनं हात पुसले, वाचला, फोन पदराच्या गाठीत ठेवला आणि पुन्हा चिंचा घेतल्या.

"आई, या महिन्याची आली काय?" जेवायला बसता बसता कपिलनं विचारलं.

"पाह्यलं नाही अजून," इंदूबाई म्हणाली, आणि त्याच्या ताटात भाकरी वाढली.